आयरिशमध्ये बाईला 'ब्यान' म्हणतात, मग बायका 'म्ना' कशा झाल्या?

आयर्लंडमधल्या कुठल्याही जुन्या पबमध्ये गेलात तर टॉयलेटच्या एका दारावर एफ-आय-आर असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर एम-एन-ए, त्यातल्या ए वर एक तिरकी रेघ. बाहेरून आलेला पाहुणा विचार करतो की एफ म्हणजे फीमेल आणि एम-एन-ए म्हणजे मॅनचं काहीतरी रूप असणार, आणि नेमका चुकीच्या दारात शिरतो. खरं म्हणजे 'फिर' म्हणजे पुरुष (अनेकवचन) आणि 'म्ना' म्हणजे बायका. हा गोंधळ तिथे सगळ्यांना माहितीय. पण मला त्यापेक्षा भारी वाटतं ते हे की 'फिर' हा आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ आहे, आणि 'म्ना' जिथून आलाय तिथूनच ऋग्वेदातला एक शब्द आलाय जो आज आपल्यापैकी फार कमी लोकांना माहीत असेल. या 'म्ना'वरच लिहायचंय, कारण या एका शब्दात आयरिश भाषेचं निम्मं व्याकरण आणि चार-पाच हजार वर्षांचा इतिहास दडलाय.

आधी आयरिशबद्दल दोन वाक्यं, कारण पुष्कळ लोकांना वाटतं की आयरिश म्हणजे वेगळ्या हेलात बोललेलं इंग्लिश. तसं नाहीये. आयरिश, तिच्या स्वतःच्या भाषेत 'गेल्गे', ही केल्टिक भाषा आहे, इंग्लिशपेक्षा पूर्ण वेगळी, आयर्लंडच्या राज्यघटनेप्रमाणे ती देशाची पहिली अधिकृत भाषा आहे आणि 2007 पासून युरोपियन युनियनची पण. रोजच्या वापरात मात्र परिस्थिती नाजूक आहे, 2022 च्या जनगणनेत साधारण 18.7 लाख लोकांनी सांगितलं की आम्हाला आयरिश येते, पण शाळा-कॉलेज सोडून रोज बोलणारे म्हणाल तर सुमारे 72 हजारच.

आता शब्द. एक बाई असेल तर 'ब्यान', स्पेलिंग बी-ई-ए-एन. इंग्लिशमधल्या घेवड्या-राजम्याच्या बीनशी याचा काही संबंध नाही, स्पेलिंग योगायोगाने सारखं आहे. उच्चार करताना 'आ' आखूड ठेवायचा आणि 'ब'च्या मागे निसटता 'य' आणायचा. स्पेलिंगमध्ये जो ई दिसतो तो स्वर म्हणून उच्चारायचा नसतोच, तो फक्त सांगतो की शेजारचा 'ब' मऊ म्हणजे य-कारी आहे, आणि ए सांगतो की पुढचा 'न' जाड आहे. आयरिशमध्ये जवळपास प्रत्येक व्यंजनाच्या अशा दोन जाती असतात. आपल्याकडे 'चिमणी'तला च आणि 'चोर'मधला च वेगळा असतो ना, अक्षर एकच पण आवाज दोन, तर आयरिशने हे सगळ्या व्यंजनांना लावलं आणि आजूबाजूच्या स्वरांनी ते लिहून दाखवायची पद्धत काढली. आयरिश स्पेलिंग बघून लोक घाबरतात पण हा एक नियम कळला की अर्धी भीती जाते.

तर ब्यान म्हणजे बाई. 'ती बाई' म्हणायचं, म्हणजे इंग्लिशच्या 'द'सारखं 'अन' पुढे लावायचं, तर ते होतं 'अन व्यान'. 'त्या बाईचा' म्हणायचं तर 'ना म्ना'. 'त्या बायका' हे पण 'ना म्ना'च. 'त्या बायकांचा' म्हणायचं तर 'ना मान', इथे पण आ आखूड. 'त्या बाईकडे' म्हटलं तर 'एग अन म्यान'. हाक मारताना 'अ व्यान'. म्हणजे एकच शब्द कधी ब ने सुरू होतो, कधी व ने, कधी म ने, आणि मधला स्वर कधी आहे कधी गायब. शिकणाऱ्याला वाटतं की हे मुद्दाम छळायला केलंय. आयरिश व्याकरणाच्या पुस्तकात हा शब्द 'अनियमित' म्हणून वेगळ्या चौकटीत देतात, पाठ करा आणि पुढे जा. माझं म्हणणं असं की 'अनियमित' हा शिक्का या शब्दावर अन्याय करतो. यातला एकही बदल उगाच झालेला नाही, प्रत्येकाला कारण आहे, आणि ज्याने शाळेत थोडंफार संस्कृत केलंय त्या मराठी माणसाला हे कारण इंग्लिश माणसापेक्षा लवकर समजेल.

सुरुवात 'ब' पासून करू. भाषाशास्त्रज्ञ ज्याला मूळ इंडो-युरोपियन भाषा म्हणतात, जिच्यातून संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी, रशियन, जर्मन, केल्टिक अशा सगळ्या भाषा फुटल्या, ती लिहिलेली कुठेच सापडत नाही, पण लेकींची तोंडं बघून आईचा चेहरा काढतात तशी ती मागे जाऊन मांडलेली आहे. तिच्यात एक आवाज होता, ओठ गोल करून म्हटलेला 'ग', साधारण 'ग्व' असा पण एकाच झटक्यात. हा आवाज प्रत्येक भाषेत वेगवेगळा झाला. संस्कृतात त्याचा साधा ग झाला, आणि पुढे ए किंवा इ असेल तर ज. केल्टिकमध्ये त्याचा थेट ब झाला. आता हे नुसतं सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून जोड्या बघा. आपली गाय, संस्कृत 'गो', आयरिशमध्ये 'बो'. आपला जीव, जिवंत, आयरिशमध्ये जिवंत म्हणजे 'ब्यो'. म्हणजे आपल्याकडे ग किंवा ज आणि त्यांच्याकडे ब, दरवेळी. मग याच नियमाने 'ब्यान'च्या समोर आपल्याकडे काय यायला पाहिजे? ज-न किंवा ग-न. आणि वैदिक संस्कृतात खरोखर दोन शब्द आहेत, 'जनि' म्हणजे स्त्री, पत्नी, आणि 'ग्ना' म्हणजे सुद्धा स्त्री, विशेषतः देवांच्या पत्नी. यास्काने निरुक्तात 'ग्ना' हा स्त्रीवाचक शब्द म्हणून दिलाय.

हे दोन्ही शब्द मराठीपर्यंत टिकले नाहीत, पण त्यांचे चुलत नातेवाईक आपण रोज वापरतो, फक्त ते दुसऱ्या दाराने आले. फारसीत याच मुळाचा 'झन' झाला, त्यावरून 'झनाना', आणि ते मराठीत 'जनाना', 'जनानखाना' म्हणून बसलं. ग्रीकमध्ये 'ग्यूने' झाला, त्यावरून गायनॅकॉलॉजी, आणि आपल्या घराघरात 'गायनॅककडे अपॉइंटमेंट आहे' हे वाक्य म्हटलं जातं. इंग्लिशमध्ये 'क्वीन', आधी त्याचा अर्थ स्त्री, पत्नी असा होता, राणीपर्यंत तो नंतर चढला. रशियनमध्ये 'झेना', बायको. ग्रीकच्याच बिओशिया भागातल्या बोलीत तर 'बाना' असं रूप मिळतं, तिथे पण ग्व चा ब झाला, आयरिशसारखाच पण स्वतंत्रपणे.

इथे दोन सावधगिऱ्या. पहिली, आपली 'बाई' किंवा 'बायको' आणि आयरिश 'ब्यान' यांच्यात सुरुवातीला ब आहे म्हणून त्यांना जोडायचा मोह होतो, जोडू नका. ग्व चा ब होणं हा केल्टिकचा बदल आहे, आपल्याकडे तो झालाच नाही, त्यामुळे आपल्याकडे ब दिसला की उलट समजायचं की हा तो शब्द नव्हे. नात्याचे शब्द एकमेकांसारखे दिसायलाच पाहिजेत असं नसतं, त्यांच्यातला फरक दरवेळी तोच असला पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं. दुसरी सावधगिरी, 'जनि' बघून 'जन्म', 'जननी', 'जनक' आठवतात आणि वाटतं की जन्म देणारी म्हणून जनि. ऐकायला छान आहे पण मूळ वेगळं आहे. 'जन्म'मधला ज दुसऱ्याच एका आवाजातून आलाय, संस्कृतात दोन्ही आवाज ज मध्ये येऊन मिसळले म्हणून आपल्याला ते एक वाटतात. आणि हे कळतं कशावरून, तर आयरिशवरूनच. जन्माच्या मुळाचा आयरिशमध्ये 'गिन' होतो, त्याचा अर्थ जन्म देणे, गर्भ, आणि स्त्रीच्या मुळाचा होतो 'ब्यान'. आपल्याकडे जी दोन मुळं एकमेकांत विरघळली ती आयरिशने वेगळी जपून ठेवली. मला हे फार आवडतं, की आपल्या स्वतःच्या शब्दांतली गाठ सोडवायला अटलांटिकच्या काठावरची भाषा कामाला येते.

आता खरा प्रश्न, ब्यान मधला स्वर म्ना मध्ये कुठे गेला?

मूळ भाषेत एक सवय होती. शब्दातला जोर मुळावर असेल तर मुळात 'ए' हा स्वर दिसायचा, आणि जोर पुढच्या प्रत्ययावर सरकला की मुळातला स्वर गळून जायचा. संस्कृतात याचे अवशेष भरपूर आहेत. 'अस्ति' मध्ये सुरुवातीला अ आहे पण 'स्मः' आणि 'सन्ति' मध्ये तो अ नाहीये, धातू तोच अस्. शाळेत आपण हे रूप म्हणून पाठ केलं, अ का गेला हे कुणी सांगितलं नाही, तर तो असा गेला. किंवा 'राजा' बघा, मूळ राजन्, षष्ठीत 'राज्ञः', ज आणि न यांच्या मधला स्वर गायब आणि दोन्ही एकमेकांना चिकटले. स्त्रीच्या शब्दाचं अगदी हेच झालं. प्रथमेत जोर मुळावर, म्हणून 'ग्वेन', ज्याच्यातून संस्कृत 'जनि' आणि आयरिश 'ब्यान'. षष्ठीत जोर शेवटी, म्हणून स्वर गळाला आणि 'ग्वनास'. संस्कृतात याचं झालं 'ग्नास्'. आणि केल्टिकमध्ये ग्व चा ब, म्हणून 'ब्नास'.

ऋग्वेदात 'ग्नास्पति' असा शब्द येतो, ग्नांचा म्हणजे देवस्त्रियांचा पती या अर्थाचा. त्याची बांधणी बृहस्पती, वाचस्पती यांच्यासारखी, पहिला भाग षष्ठीतला. ग्ना ची एकवचनी षष्ठी नंतरच्या नियमाने 'ग्नायाः' व्हायला पाहिजे होती, पण या समासात तिचं जुनाट रूप 'ग्नास्' तसंच अडकून राहिलं. आणि डब्लिनमध्ये कुणी 'हाता ना म्ना' म्हणजे 'बाईची टोपी' म्हणतं तेव्हा तो 'म्ना' म्हणजे ध्वनीच्या नियमांनी घडलेला तोच 'ग्नास्' आहे. संस्कृतात हे एका वैदिक समासात उरलंय, आयरिशमध्ये ते पहिलीतल्या मुलाच्या तोंडात आहे.

ब्नास चा म्ना कसा झाला हे तर सातवी-आठवीतल्या संधीच्या धड्यात आहे. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ, षट् + मास = षण्मास. पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजन आपल्याच वर्गातल्या अनुनासिकात बदलतं. क चा ङ, त चा न, ट चा ण. मग ब च्या वर्गातलं अनुनासिक कुठलं, म. ब् + न = म्न. झालं. शेवटचा स आयरिशच्या वाटचालीत गळाला आणि उरलं म्ना. प्रथमेचं अनेकवचन पण केल्टिकमध्ये 'ब्नास'च होतं म्हणून 'बाईचा' आणि 'बायका' ही दोन्ही रूपं आज एकसारखी आहेत.

राहिलं 'बान', बायकांचा, म्हणजे वरच्या 'ना मान'मधल्या 'मान'चं मूळ रूप (त्याच्या ब चा म का होतो ते पुढे येईल). तिथे पण मुळातला स्वर गळालाच होता पण पुढे-मागे अशी व्यंजनं होती की मधल्या 'न'लाच स्वराचं काम करावं लागलं, आणि असा स्वर बनलेला न केल्टिकमध्ये 'अन' होतो. म्हणून 'बानोम' आणि शेवट गळून 'बान'. तीन रूपं, ब्यान, म्ना, बान, आणि तीनही एकाच मुळाच्या तीन अवस्था, मूळ स्वर असलेली, स्वर गेलेली, आणि न ने स्वराची जागा घेतलेली. आठव्या शतकाच्या आसपासच्या जुन्या आयरिशमध्ये पण ही रूपं जवळपास अशीच आहेत, 'बेन', 'म्ना', 'बान'. बाराशे वर्षांत फारसा फरक पडला नाही. बाकीचे शेकडो शब्द सरळ झाले, नियमात बसवले गेले, हा नाही झाला, कारण बाई हा शब्द रोज इतक्या वेळा तोंडात येतो की मूल व्याकरण शिकायच्या आधी त्याची रूपं पाठ करून बसतं. जो शब्द जास्त वापरात तोच जुनी रूपं टिकवतो, हे जगातल्या बहुतेक भाषांत दिसतं.

ब्नास हे रूप फक्त कागदावर मांडलेलं आहे का? नाही, आणि याचा पुरावा फ्रान्समध्ये जमिनीखाली सापडला. 1983 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या लार्झाक भागात एका थडग्यात शिशाचा पत्रा मिळाला, साधारण इसवी सन 100 च्या सुमाराचा, त्यावर गॉलिश भाषेत मजकूर कोरलेला. गॉलिश ही पण केल्टिक भाषा, आयरिशची लांबची बहीण, आता नामशेष. त्यावर बायकांची नावं आहेत, आणि शब्द आहेत 'ब्नानोम ब्रिक्तोम', म्हणजे बायकांची जादू, बायकांचे मंत्र. तिथे 'ब्न' स्पष्ट लिहिलेलं आहे, अजून म न झालेलं. आणि गंमत बघा, आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिकच्या नावाने सांगितलं जाणारं एक जुनं कवच आहे, कवच म्हणजे आपल्या रामरक्षेसारखं संरक्षणासाठी म्हणायचं स्तोत्र, त्यात देवाला मागितलंय की बायका, लोहार आणि द्रुइड म्हणजे जुने केल्टिक पुरोहित यांच्या मंत्रांपासून माझं रक्षण कर. तिथे शब्द येतात 'ब्रिख्त' आणि 'बान'. गॉलिश पत्र्यावरचेच दोन शब्द, कित्येक शतकांनी, समुद्रापलीकडे, दुसऱ्या धर्मात, पुन्हा एकमेकांशेजारी. म्हणजे 'बायकांचे मंत्र' हा केल्टिक लोकांमधला ठरलेला शब्दप्रयोग असणार असं अभ्यासक मानतात.

आता दुसरा भाग, शब्दाची सुरुवात का बदलते. अन व्यान, ना मान, हे काय प्रकरण आहे. मराठीत आपण शब्दाचं शेपूट बदलतो, घर-घराला, मान-मानेला, सामान्यरूप म्हणतो त्याला. आयरिश लोक शब्दाचं तोंड बदलतात. हे युरोपातल्या विद्वानांना इतकं विचित्र वाटायचं की केल्टिक भाषा आपल्या कुळातल्या आहेत का यावर बरेच जण शंका घ्यायचे. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यातल्या त्या प्रसिद्ध भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिनच्या सोबत केल्टिकचं पण नाव घेतलं होतं, पण ते नीट सिद्ध करायचं काम फ्रान्झ बोप या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1830 च्या दशकाच्या शेवटी केलं, आणि त्याने दाखवलं की तोंड बदलण्याचं कारण त्या शब्दात नसून आधीच्या शब्दाच्या गळून गेलेल्या शेवटात आहे.

म्हणजे कसं, तर आजचा 'अन' पूर्वी स्त्रीलिंगात 'सिंदा' होता, आ ने संपणारा. 'सिंदा बेना' असं सलग म्हटलं की ब दोन स्वरांच्या मध्ये येतो. दोन स्वरांमधलं व्यंजन मऊ पडतं ही गोष्ट आपल्या भाषेने पण भरपूर केलीय, दीप चा दिवा झाला, ताप चा ताव झाला, प चा व. संगमनेर, अमळनेर मधला 'नेर' म्हणजे नगर, मधला ग आधी मऊ होऊन य झाला आणि मग पार गेला, महाराष्ट्री प्राकृत तर यासाठीच प्रसिद्ध आहे. आयरिशमध्ये ब चा व झाला. फरक इतकाच की आपण हे एका शब्दाच्या आत केलं, त्यांनी दोन शब्दांच्या सीमेवर पण केलं. मग पुढच्या काही शतकांत शब्दांचे शेवट गळाले, सिंदा चा अन राहिला, पण व तसाच राहिला. शेजारच्याने फ्लॅट सोडला तरी त्याच्या बाथरूमची ओल आपल्या भिंतीवर राहते तसं. लिहिताना हे मऊपण बी नंतर एच टाकून दाखवतात, आधी अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचे, जुन्या आयरिश ठशातल्या पुस्तकांत ते टिंब फार सुंदर दिसतं.

षष्ठीच्या अनेकवचनात तो इंग्लिश 'द'सारखा आधीचा शब्द अनुनासिकाने संपायचा, म्हणून पुढच्या ब ला नाकातला आवाज चिकटला, म्ब, आणि मग ब दबला, म उरला. 'ना मान'. लिहिताना मात्र दोन्ही लिहितात, एम आणि बी, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ शब्द पण दिसतो आणि उच्चार पण कळतो. नाव असेल तर एम छोटा आणि बी कॅपिटल, शब्दाच्या मध्येच कॅपिटल बघून नवख्याला ती टायपिंगची चूक वाटते पण ती अगदी शिस्तीची पद्धत आहे. 1914 च्या एप्रिलमध्ये डब्लिनच्या विन्स हॉटेलात स्थापन झालेली 'कुमन ना मान' ही बायकांची संघटना, स्वातंत्र्यलढ्यातली, तिच्या नावात हाच 'मान' आहे, बायकांचा संघ. 1916 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या ईस्टर उठावात शेवटी शरणागतीचा निरोप घेऊन गोळीबारातून चालत गेलेली एलिझाबेथ ओफॅरल याच संघटनेची.

आणि एकवचनी षष्ठीत 'ना म्ना', तिथे म तसाच राहिला, मऊ नाही झाला, का, कारण तिथे आधीचा शब्द स ने संपायचा, 'सिंदास', स मध्ये आडवा आला. तो स पण पूर्ण मेला नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर तो ह बनून दिसतो. आयर्लंड म्हणजे 'एरे', आणि आयर्लंडच्या म्हणजे 'ना हेरन'. हा ह कुठून आला तर त्या जुन्या स पासून. शब्दाच्या शेवटच्या स चा ह होणं म्हणजे आपला विसर्गच की, रामस् चा रामः. 1990 मध्ये मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या तेव्हा विजयाच्या भाषणात त्यांनी 'म्ना ना हेरन', आयर्लंडच्या बायकांचे खास आभार मानले, म्हणाल्या की यांनी पाळणा हलवण्याऐवजी व्यवस्था हलवली. तेव्हापासून हे तीन शब्द तिथल्या राजकारणात कायमचे राहिले.

वाक्यात हा शब्द कसा वागतो ते पटकन बघू. स्त्रीलिंगी नामामागे विशेषण येतं आणि ते पण मऊ होतं. चांगला म्हणजे 'माह', चांगला पुरुष 'फ्यार माह', पण चांगली बाई 'ब्यान वाह'. म्हणजे आपण चांगला-चांगली असं शेवटी करतो ते त्यांनी तोंडाशी केलं. मुलगी म्हणजे 'कालीन', हा शब्द मात्र व्याकरणाने पुल्लिंगी आहे, कारण त्याचं 'ईन' हे लहानपणाचं शेपूट आहे आणि व्याकरण तिथे शेपटाकडे बघतं, माणसाकडे नाही. आपल्याकडे 'ते बाईमाणूस' नपुंसकलिंगी होतं त्यातलाच प्रकार. 'बाईकडे पुस्तक आहे' हे तर शब्दाला शब्द ठेवून होतं, 'ता ल्यावर एग अन म्यान', आहे पुस्तक बाईकडे. इंग्लिशच्या 'हॅव'सारखं क्रियापद त्यांच्याकडे नाही, आपल्याकडेही नाही, आपण दोघंही वस्तू माणसाच्या जवळ ठेवून मोकळे होतो. आणि माणसं मोजायची असली तर वेगळे आकडे आहेत, वस्तूंचे नाही चालत. आपण 'दोन बायका' म्हणतो तसं 'दोघी', 'तिघी' पण म्हणतो ना, तसं त्यांचं 'बेर्ट्य वान', दोघी बायका, 'त्र्यूर बान', तिघी. पुढचा शब्द षष्ठीच्या अनेकवचनात. इंग्लिशमधून आयरिश शिकणाऱ्याला हे माणसांचे आकडे फार जड जातात, मराठी माणसाला ही कल्पना नवीन नाही.

समासात पुढे 'बान' येतो आणि स्त्री-रूपं बनतात. देव म्हणजे 'दिआ', तो आपलाच देव, मूळ एकच, आणि देवी म्हणजे 'बानदिआ'. राणी म्हणजे 'बानरीअन'. यातला 'रीअन' जुन्या आयरिशमध्ये 'रीगन' होता आणि त्याचा अर्थ आधीच राणी होता, तो आपला 'राज्ञी'. म्हणजे राणीला राणीच म्हणत होते, पण बहुधा राजा म्हणजे 'री' आणि राणी यांच्यातला फरक अजून ठसठशीत करायला पुढे बान लावला. आणि सगळ्यांनी ऐकलेला एक शब्द म्हणजे 'बॅन्शी', सिनेमांत आणि गेममध्ये किंचाळणारी भुताळी बाई. ती मूळ 'ब्यान शी'. 'शी' म्हणजे अदृश्य लोक राहतात त्या टेकड्या, उंचवटे, आणि हा शब्द बहुतेक अभ्यासक आपल्या 'सद्', बसणे, राहणे, 'सदन' याच मुळाशी जोडतात. मूळ समजुतीत ती दुष्ट नाही. ती एखाद्या घराण्याशी बांधलेली असते आणि त्या घरात कुणाचा मृत्यू होणार असेल तर आधी येऊन त्याच्यासाठी रडते. तिला राक्षसीण बनवलं ते नंतरच्या करमणुकीने, मला ते खरंच खटकतं, कारण आयर्लंडमध्ये मेलेल्या माणसासाठी गाऊन शोक करणाऱ्या खऱ्या बायका असायच्या, त्यांना 'ब्यान ख्वींते' म्हणायचे, आणि ब्यान शी त्यांचीच अदृश्य बहीण आहे.

हे सगळं शोधून काढणाऱ्यांत एक माणूस भारताशी बांधलेला होता, त्याचं नाव व्हिटली स्टोक्स. डब्लिनमध्ये जन्मलेला वकील, 1862 मध्ये भारतात आला, 1882 पर्यंत इथे होता, व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य झाला, इथल्या दिवाणी-फौजदारी कायद्यांच्या मसुद्यांवर काम केलं, आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिश हस्तलिखितांवर लिहीत बसायचा. त्याची जुन्या आयरिशवरची काही पुस्तकं चक्क कलकत्त्यात छापली गेलीत. एका टेबलावर संस्कृत आणि जुनी आयरिश दोन्ही असणारा माणूस, त्याला ग्ना आणि म्ना यांचं नातं कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

शेवटी उच्चाराबद्दल, कारण ज्यांना ऐकायचंय त्यांचा गोंधळ होईल. आयर्लंडच्या दक्षिणेला, मन्स्टरमध्ये, 'म्ना' असंच म्हणतात. पश्चिमेला कॉनाख्टमध्ये आणि उत्तरेला अल्स्टरमध्ये मात्र लिहितात म्ना आणि म्हणतात 'म्रा', कारण तिकडे व्यंजनामागून आलेल्या न चा र होतो, टेकडीला लिहितात 'क्नोक' आणि म्हणतात 'क्रोक' तसं. आइल ऑफ मॅनवरच्या मांक्स भाषेने तर हा र लिहायलाच घेतला, तिथे बायका म्हणजे 'म्रान'. एक चौथं रूप पण होतं, 'म्नी', चतुर्थीचं, 'बाईला', ते आता जुन्या कवितांत आणि जुन्या लोकांच्या म्हणींत भेटतं, रोजच्या बोलण्यात त्याच्या जागी साधा 'व्यान' किंवा 'म्यान' आलाय. टांगलन नावाचा आयरिश शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात उच्चाराच्या विभागात बी-ई-ए-एन आणि मग एम-एन-ए टाकून बघा, तिन्ही प्रांतांतल्या लोकांचे आवाज रेकॉर्ड केलेले आहेत, न आणि र मधला फरक लगेच कानाला कळतो.